पाठीचा रंग

मे सरत आला की माझ्या पडवीत
संतांची रांग लागते.
कोणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणतं, कोणी जुन्या लुगड्यात.
पास्कू लोबोनं तर सांत रोकला
सायकलच्या पिशवीतून आणला,
बांगड्यांच्या शेजारी.

मी चितारी. गंजिफा रंगवल्या, लाकडी केळी रंगवली,
देवळाची पालखीही.
बापानं शिकवलं : डोळे शेवटी काढायचे,
आणि काढताना श्वास सोडायचा नाही.
ते गणपतीला लागू, तेच सांत लुझियाला,
जिचे आणखी दोन डोळे तिच्याच हातातल्या ताटलीत असतात.
(काम दुप्पट, पैसे एकीचेच.)

रोकचं मला आधी उमगेना.
मांडीवरची जखम, ती लाल किती करायची?
पास्कू म्हणाला, प्लेगवाल्यांची उस्तवार करता करता
त्यालाच गाठ आली, रानात जाऊन पडला,
कोणा घरचा कुत्रा रोज भाकरी आणून द्यायचा.
बरा होऊन गावी आला तर कोणी ओळखलं नाही,
हेर म्हणून कोंडला. कोठडीतच गेला.
तेव्हापासून कुत्र्याला मी रंग आखडत नाही,
शेपटीला तिसरा हात देतो.

यंदा सगळ्यांत शेवटी रेमेत आली.
मांडवीच्या खाडीपलीकडची, सुकी मासळी विकते.
टोपलीत मीठ, मिठावर फडकं, फडक्यात सांत आंतोन,
वीतभर, कडेवर बाळ जेजू.
माझ्या बापाच्या हातचा. कमरेच्या दोरीवरून ओळखला :
तिसऱ्या गाठीवर तो ओल्या रंगात अंगठा टेकायचा.

उजेडात फिरवला आणि थबकलो.
मूर्तीचा रंग उडतो तो तोंडाचा,
मेणबत्तीची काजळी, दारातलं ऊन, ओठ टेकणारी पोरं.
ह्याचं तोंड कालच रंगवल्यासारखं.
आणि पाठ पांढरीफटक,
लाकडाच्या शिरा मोजाव्यात इतकी.

मी विचारलं नाही. तीच म्हणाली,
"भिंतीकडे तोंड करून ठेवलंलंय तेका.
घो तारवार गेलो, तो येयसर."
"किती वर्सां?"
"अकरा."

हे इकडं जुनंच. किल्ली हरवली, शेरडू हरवलं
की आंतोनला शिक्षा.
किल्ली संध्याकाळी सापडते,
शेरडू दुसऱ्या दिवशी.

तसा तोही वाट चुकलेलाच.
निघाला मोरोक्कोला, मरायलाच म्हणे,
तापानं आडवा केला. परत फिरला
तर वादळानं गलबत नेलं सिसिलीला.
माणसं ऐकेनात तेव्हा माशांशी बोलला,
मासे पाण्याबाहेर तोंडं काढून उभे.
पस्तिशी-छत्तिशीत संपला,
जन्मगाव पुन्हा दिसलं नाही.
आणि हरवलेलं शोधायचं काम
नेमकं त्याच्या गळ्यात.

"मगे, घो इलो?"
रेमेतनं टोपलीतलं मीठ बोटानं सारखं केलं.
"नाय. पण अकरा वर्सां उभो आसा तो,
कडेर दुसऱ्याचा पोर घेवन.
एकदाय खाली ठेवक नाय तेणी.
मिया तरी आयेकडे ठेवन बाजाराक जातंय."
मग फडक्याची घडी घालत,
"पाठ रंगव. तोंडाक हात लावू नको,
ता नवाच आसा."

पाठीचे पैसे काय सांगावेत, सुचेना.
चॉकलेटी घोटला, पातळ, तीन हात दिले.
वाळेपर्यंत तो फळीवर पालथा.
बाळ दबू नये म्हणून
खाली कापसाची चुंबळ ठेवली.

सणाच्या आदल्या दिवशी ती घेऊन गेली.
परवा खाडीपलीकडं गेलो होतो,
होड्या झापांखाली, वाळत घातलेलं काहीच नाही.
दारातूनच दिसला, फडताळावर.
भिंतीकडं तोंड नाही, दाराकडंही नाही.
अर्धा वळवलेला,
बाळ मात्र
उजेडाच्या बाजूला.